गुरुवारी गप्प बसणारा भोंगा

घर घेताना आम्ही भिंतींना ओल आहे का ते पाहिलं, पाणी किती वाजता येतं ते विचारलं, गच्चीवरच्या टाकीत वाकून पाहिलं. हॉलच्या कोपऱ्यात छताजवळ पावाएवढी एक पांढरी डबी होती आणि दाराशेजारी आकड्यांची बटणं असलेली पाटी होती. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी चाकणजवळ महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामात दिवसभर खोट काढायची, हा माझा धंदा. स्वतःचं घर मात्र मी एका नजरेत पास करून टाकलं.

घर चिखलीतलं, जुनं, बैठं, वर गच्ची. विकणारे काका भोसरीत लेथचं वर्कशॉप चालवायचे. ते बंद करून नवरा-बायको दोघं मुलाकडे बंगळुरूला निघाले होते. चावी देताना ते म्हणाले, "चोर आला तर भोंगा वाजतो बरं का. सिस्टिम एक नंबर आहे." माझा नवरा भोसरीतच एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. कुठल्याही यंत्राचं नाव निघालं की तो गंभीरपणे मान डोलावतो. तशी त्यानं डोलावली, आणि विषय संपला.

वास्तुशांत आम्ही गुरुवारी केली. त्यात मुहूर्ताचा भाग कमी, सुट्टीचा जास्त. भोसरीतल्या त्याच्या कारखान्याला पहिल्यापासून गुरुवारची सुट्टी, आमच्या कंपनीला रविवारची. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण दिवाळी आणि पंधरा ऑगस्ट सोडले तर आम्ही दोघं दिवसाउजेडी एका घरात फारसे सापडत नाही. आमचं इतकं चांगलं कसं जमतं असं लोक विचारतात, तेव्हा मी हेच कारण सांगते.

वास्तुशांतीला लातूरकडून आई आली. माझा खरा जीव अडकला होता तो तिच्यात. वडील गेल्यापासून ती गावी एकटी राहत होती. पावसाळ्यात अंगणात पाय घसरून पडली आणि दोन तास तशीच पडून राहिली. मला कळलं ते चार दिवसांनी, तेही तिच्या जाऊबाईंकडून. मी एकुलती एक. हे घर घेण्यामागं तिच्यासाठी एक खोली असावी हे निम्मं कारण होतं. पण ते तिला सांगायची सोय नव्हती. आमच्याकडं आई-बापानं लेकीच्या घरी राहायचं नसतं. यायचं, चार दिवस राहायचं, लेकीला साडी घ्यायची आणि निघायचं. जावयाच्या घरात मुक्काम ठोकला तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्यामुळं आईनं आल्या आल्या उंबऱ्यातच सांगितलं, "आठ दिवस ऱ्हाईन. नवव्या दिवशी गाडीत बसवून द्यायचं."

मी हो म्हटलं. आठाचे पंधरा करू, पंधराचा महिना करू, असा माझा डाव होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी साडेसातला कंपनीची बस पकडली, आठला नवरा गाडीला किक मारून गेला. आई घरात एकटी. पावणेदहाला तिचा फोन आला, पण बोलत होती आमच्या मागच्या घरातली वहिनी. ती चिखलीच्या जुन्या घराण्यातली, आवाज शेतातून शेतात जाईल असा. तिच्या आवाजाच्याही मागे कुणीतरी जीव खाऊन ओरडत होतं.

"अवो ताई, तुमचं घर बोंबलतंय!"

"घर?"

"व्हय! गच्चीवरून. आख्खी आळी गोळा झालीया. आमाला वाटलं गॅस फुटला."

मग आईनं फोन घेतला. तिचा आवाज पार बारीक झाला होता. "म्या काय बी केलं न्हाई गं. सैपाकघरातून निस्ता हॉलमंदी पाय टाकला, तं वरडायलंय."

तीन मिनिटं ओरडून भोंगा आपोआप थांबला आणि दिवसभर पुन्हा वाजला नाही. शनिवारी तेच. सकाळी साडेनऊनंतर आईनं हॉलमध्ये पाऊल टाकलं की एकदाच, मन भरून. रविवारी मी घरात होते. चहाचा कप घेऊन पलंगावर लोळत होते, आई देवाला फुलं वाहायला हॉलमध्ये गेली, आणि डोक्यावर आभाळ फाटल्यासारखा आवाज आला. कपातला चहा माझ्या गाऊनवर. आई फुलं हातात धरून कोपऱ्यातल्या डबीकडं बघत उभी होती. डबीत लाल दिवा लुकलुकत होता.

"तुमच्या घराला माझं येणं पसंत न्हाई," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.

मी बंगळुरूला फोन लावला. भोंगा बंद करायचा तर चार आकडी कोड लागतो, हे पाटीवरच लिहिलेलं होतं.

"कोड ना? कोड मिसेसना माहीत," काका म्हणाले.

मिसेसनी फोन घेतला. "मला? मी आयुष्यात त्या बटणाला हात लावला नाही. ह्यांनाच माहीत."

"अगं, मागं तुझ्या भाचीच्या लग्नाच्या वेळी तूच नाही का दाबला होतास?"

"ते रिमोटनं! रिमोट तुमच्या खिशात होता!"

रिमोट सामानाच्या कुठल्या तरी खोक्यात होता आणि खोकी अजून उघडायची होती. पुढं भाचीच्या लग्नात आहेर कुणी विसरला यावर त्यांचं सुरू झालं. मी बराच वेळ ऐकलं, मग हळूच फोन ठेवला. मी फोनवर आहे हे दोघंही विसरले होते.

आता माझ्या नवऱ्याविषयी. हा माणूस पाच टनाचं मशीन नुसत्या आवाजावरून ओळखतो. मी म्हटलं, "अहो, त्याची वायर तोडा आणि मोकळे व्हा."

"अगं, चालू यंत्र असं तोडायचं नसतं. आणि फॉल्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाना लावायचा नाही, हा नियम आहे. गुरुवारी घरी आहे मी. वाजू दे माझ्यासमोर."

गुरुवार आला. साडेनऊपासून हा माणूस हॉलमध्ये. आधी चालला. मग भराभर चालला. मग डबीसमोर उभं राहून हात हलवले, उड्या मारल्या, शेवटी जमिनीवर चार पायांवर रांगला. आई सैपाकघराच्या दारातून तोंडाला पदर लावून बघत होती. जावयाला रांगताना बघावं की नजर खाली घालावी, हे तिला ठरवता येईना. भोंगा गप्प. संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आले तर साहेब अहवाल घेऊन तयार.

"मशीन ओके आहे. ऑपरेटरचा प्रॉब्लेम असणार."

"ऑपरेटर?" मी म्हटलं. "माझी आई ऑपरेटर?"

"तसं नव्हे गं. म्हणायची पद्धत आहे."

मी त्या रात्री जेवणात मीठ घातलं नाही. तो मुकाट्यानं जेवला. शुक्रवारी सकाळी पावणेदहाला भोंगा वाजला.

आईनं मात्र ते 'ऑपरेटर' ऐकलं होतं. शब्द तिला कळला नसेल, पण बोट कुणाकडं आहे ते कळलं. तिनं एकदा मीठ-मोहऱ्या घेऊन त्या डबीची दृष्टही काढली. डबी बहुधा खूश झाली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ती पाच मिनिटं आधी वाजली.

आठ दिवस संपले. मी तिच्या पायाचं निमित्त काढलं, डॉक्टरची तारीख घेतली, ती तारीख मुद्दाम पुढं ढकलली. तिच्या जाऊबाईंचा रोज संध्याकाळी फोन यायचा आणि त्या रोज एकच विचारायच्या, "कवा येतीस?" आई म्हणायची, "आता येतेच की." ती गावी गेली की पुन्हा ते अंगण, पुन्हा तेच चार दिवसांनी कळणं.

आई आल्यापासूनच्या तिसऱ्या रविवारी माझं डोकं फिरलं. नवरा कामावर गेलेला. स्टूल घेतलं, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि छताजवळच्या डबीचं झाकण उचकटलं. अशा यंत्राचं झाकण कुणी जबरदस्तीनं उघडलं तर ते त्याला चोर समजतं, हे मला नंतर सांगण्यात आलं. रोजचा आवाज त्याच्यापुढं अंगाई म्हणावा असा. आणि तीन मिनिटं नाही, चांगला अर्धा तास. मेन स्विच बंद केला तरी वाजतोय, कारण त्याच्या पोटात स्वतःची बॅटरी. आळी पुन्हा गोळा झाली. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले चाचा हातात मोठा पाना घेऊन धावत आले. "किधर है चोर?" असं ओरडत आत शिरले, आणि स्टुलावर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभी असलेली मी त्यांना दिसले. स्वतःच्या घरात रंगेहाथ पकडली गेलेली बाई म्हणून चिखलीत माझी ओळख झाली ती अशी.

संध्याकाळी नवऱ्यानं झाकण परत बसवलं. "मी सांगितलं होतं" असं तो म्हणाला नाही. पण स्क्रू फार सावकाश पिळले.

सोमवारी मागच्या वहिनीनं मला भिंतीपलीकडून हाक मारली. आवाज चक्क खाली आणून बोलली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"ताई, रागावू नका. तुमची आई दिसभर मागच्या दारी बसून असत्यात. मी म्हनलं आत जाऊन जरा पडा, तर न्हाई म्हनत्यात. पानी बी पीत न्हाईत."

"पाणी का नाही?"

"मोरीला जायला हॉलमधनं जावं लागतं ना. मग ते बोंबलतं. जावयाच्या घराचा तमाशा नको म्हनत्यात."

मी घरात आले. आई सैपाकघरात लसूण सोलत बसली होती. ओठ सुकलेले. माझ्या लक्षात कसं आलं नाही, शनिवारी आणि आज भोंगा वाजल्याचा तिचा फोन आला नव्हता आणि मी त्यावर खूश होते. तपासणीत माल आपोआप चांगला निघायला लागला की आधी शंका घ्यायची असते, हे मी कंपनीत नव्या पोरींना शिकवते. पूर्वी आई-बाप लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. माझी आई ते एका डबीच्या भीतीनं पाळत होती. मला रडू आलं आणि संतापही आला, आणि संताप आधी बाहेर पडला. मी तिच्यावरच ओरडले. साठीची बाई, पाणी पीत नाही, मरायचंय का तुला, असलं काहीबाही. तिनं लसणाचं ताट बाजूला ठेवलं.

"म्या जाते गं आता," ती म्हणाली. "लई झालं. गुरुवारी जाते."

"गुरुवारीच का?" नवरा दारातून म्हणाला. तो नुकताच आला होता, हेल्मेट हातातच होतं. जावई समोर आला की आई नेहमी पदर सारखा करून गप्प व्हायची, पण आज बोलली.

"गुरुवारी ते वरडत न्हाई, जावईबापू. बॅग घेऊन हॉलमधून जाताना तमाशा नको. त्याचा गुरुवार असतो."

"कुणाचा?"

"त्या डबीचा. तिन्ही गुरुवार बघितलं म्या. वास्तुशांतीच्या दिवशी गप्प, तुम्ही रांगला त्या दिवशी गप्प, मागल्या गुरुवारीबी गप्प. बाकी सगळे दिवस वरडायलंय. यंत्र हाय, पर वार पाळायलंय."

मी नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव मी फक्त एकदा पाहिला आहे, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा. त्यानं हेल्मेट खाली ठेवलं आणि तो हळूच म्हणाला, "गुरुवारची सुट्टी."

"काय?"

"अगं, काकांचं वर्कशॉप भोसरीत! गुरुवारी बंद! बाकी सगळे दिवस दोघं साडेनऊच्या आत घराबाहेर. म्हणजे त्यांनी टाइम लावून ठेवलाय. रोज साडेनऊला आपोआप चालू, गुरुवार सोडून!"

बंगळुरूला फोन लावला. काकांना त्यात काही विशेष वाटलंच नाही. "हो मग! गुरुवारी आपण घरीच असतो की. साडेनऊला चालू, सहाला बंद. इतक्या वर्षांत विसरलोच होतो बघा." मागून मिसेस ओरडल्या, "मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं!"

म्हणजे घर सोडून गेलेला माणूस अजून त्या घरात सुट्टी पाळत होता आणि माझा नवरा त्याच सुट्टीच्या दिवशी फॉल्ट शोधत होता. क्वालिटीला मी आहे. मेंटेनन्सला तो आहे. आणि फॉल्ट काढला कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या आईनं. मी हसायला लागले ते मला थांबता येईना.

पण आई हसली नाही. तिची बॅग कॉटखालून बाहेर आली होती.

तेव्हा नवरा तिच्यासमोर जमिनीवर बसला. अकरा वर्षांत त्यानं सासूकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. "मामी," तो म्हणाला, "गुरुवारी जाऊ नका. हे नीट करायला मी शुक्रवारी मिस्त्री बोलावतो. मी रजा काढतो. पण तुम्ही चालल्याशिवाय ते वाजत नाही. मला ते बघायचंय."

हा माणूस माझ्या सख्ख्यासारख्या चुलतभावाच्या लग्नालाही अर्धीच रजा काढून आला होता. आई पेचात पडली. जावयानं तोंडानं मागितलेलं नाही कसं म्हणायचं? "शुक्रवारपातूर," ती म्हणाली.

शुक्रवारी मीही रजा टाकली. चाचांच्या ओळखीचा भोसरीतला एक मिस्त्री आला. पोट सुटलेला, चष्मा कपाळावर, असल्या जुन्या पाट्या बसवण्यात केस पांढरे झालेला. साडेनऊला आम्ही सगळे सैपाकघराच्या दारात थांबलो आणि हॉलमधल्या पाटीवर लाल दिवा लागला. नवऱ्यानं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "मामी, या." आई सैपाकघरातून आली, पदर खोचून, स्टेजवर चढावं तशी. एक पाऊल. दुसरं पाऊल. भोंगा वाजला.

"वाजला!" नवरा ओरडला. "वाजला, वाजला!" मुलगा झाल्यासारखा तो नाचत होता. मागून वहिनी भिंतीवरून डोकावली, चाचा पाना घेऊन आले आणि आम्हाला हसताना बघून तसेच चहाला थांबले.

मिस्त्रीनं जुना कोड आणि टाइम, दोन्ही पुसून टाकले. आता आपण बटण दाबलं तरच चालू होणार, एरवी गप्प. मग त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला. "नवा कोड टाकायचाय साहेब. चार आकडे सांगा."

"मला नका विचारू," नवरा म्हणाला. "घरात मामी असतात. त्या टाकतील."

मी म्हटलं, "म्हणजे? आपल्याला नको का माहीत?"

"नको."

"अहो, आपलं घर आहे!"

"मला कोड माहीत असला की मी उघडून बसतो. तुझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर चालतो. नकोच." एवढं बोलून तो स्टुलावर चढला आणि काहीच काम नसलेला एक स्क्रू पिळायला लागला. मला त्याचा असा राग आला की बोलायचीही सोय नव्हती, परका माणूस घरात होता.

आईनं आम्हाला सगळ्यांना सैपाकघरात घातलं. मिस्त्रीलासुद्धा पाठ करून उभं केलं. तिला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. एसटीच्या पाट्या आणि फोनचे नंबर यांवर तिनं अख्खा संसार रेटला आहे. चार वेळा टिक टिक झालं. "कुठं तरी लिहून ठेवा आजी," मिस्त्री म्हणाला. "म्या इसरत न्हाई," ती म्हणाली, आणि पाटीवरून पदर फिरवून बोटांचे ठसे पुसले.

शनिवारी तिला गाडीत बसवायचं होतं. पण शनिवारी सकाळी नवरा कामावर जाताना म्हणाला, "मामी, आज भोंगा लावून बघा, नीट चाललाय का ते." म्हणून ती थांबली. सोमवारी वहिनी तिला देवळात घेऊन गेली, तेव्हा तिनं जाताना भोंगा लावला. पुढं पुढं ती रोजच लावायला लागली. देवळात, भाजीला, दुपारी वहिनीकडं पापड लाटायला. आणि कोड विचारला की म्हणायची, "तुला कशाला? तू झाकण उचकटतीस."

आता डिसेंबर आहे. महाळुंग्याची बस तळवड्याच्या चौकात अडकून मी सात वाजता घरी पोचते. काल नवराही त्याच वेळी आला. दार बंद, चावी दोघांकडंही, पण दार उघडून अर्ध्या मिनिटात कोड दाबला नाही की भोंगा वाजणार. आई वहिनीकडं भजनाला गेली होती. आम्ही दोघं डबे हातात घेऊन स्वतःच्या पायरीवर बसलो. मी तणतणले, "तुमच्यामुळं हे! कोड विचारून घेतला असता तर?"

"तर मामी केव्हाच गेल्या असत्या," तो म्हणाला, आणि बुटाची लेस सोडायला लागला.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आई दिसली. सावकाश येत होती, फोन कानाला, आवाज मोठा, म्हणजे पलीकडे जाऊबाई. त्यांनी रोजचंच विचारलं असणार. आई आमच्यासमोर येऊन थांबली, आम्हाला एकदा खालवर न्याहाळलं आणि फोनमध्ये म्हणाली, "कशी येऊ बाई? दोघं बी पायरीवर बसून हायत. म्या तिकडं आले तर ह्यांना घरात कुणी घ्यावं?"